धुऱ्यावरचं शहर

“मी आता जे सांगतो, त्याच्यावर तुमच्यातल्या एकाचाबी इस्वास बसणार नाही,” खुशालरावांनी जाहीर केलं, आणि पान थुंकायला उठलेले दोन पाहुणे तोंडातलं पान तसंच ठेवून परत खाली बसले. विश्वास न बसणारी गोष्ट सांगण्यात खुशालरावांचा हात धरणारा माणूस अकोल्यात तरी नव्हता. खरी गोष्ट ते सहसा सांगतच नसत. खरी काय, कोणीही सांगतो.

प्रसंग नातवाच्या बारशाचा. जठारपेठेतल्या घरात पाळणा सजला होता, लाईट रिवाजाप्रमाणे गेली होती, बायका पाळण्याभोवती आणि पुरुषमंडळी दारापाशी पुठ्ठ्यांनी वारा घेत बसली होती. लांबून आलेल्या एका पाहुण्यानं सहज विचारलं, “काहो खुशालराव, नवरी अकोल्याची, नवरदेव अमरावतीचा. मंग लग्न मुर्तिजापूरले काहून लावलं?”

एवढं पुरलं.

लग्न ठरलं त्या काळात वऱ्हाडात कापसाचं नाव निघालं की माणसं विषय बदलत. टीव्हीवाल्यांच्या गाड्या खेड्यांतून धूळ उडवत फिरत, मोठे साहेब येऊन सुकलेल्या पऱ्हाटीशेजारी उभे राहत आणि जाताना बुटांची काळी माती झटकत. खुशालरावांचंही दर्यापूरच्या वाटेवर थोडं शेत होतं, बटईनं, पिकाच्या वाट्यावर दिलेलं. त्याबद्दल ते बोलत नसत. बाकी जगातल्या झाडून सगळ्या विषयांवर बोलत. उभी नोकरी मोजणी खात्यात काढलेली. साखळी ओढून, दगड रोवून, भावाभावांतले धुरे, म्हणजे शेतांचे बांध, ठरवून ते सेवानिवृत्त झाले होते. त्यांनी रोवलेला दगड चुकीचा होता असं अजून कोणी सिद्ध करू शकलेलं नाही. प्रयत्न बऱ्याच जणांनी केला, ही गोष्ट वेगळी.

आचल ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिची सुपारी अमरावतीच्या विपुलशी फुटली होती, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तेवढा व्हायचा होता. विपुल कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायचा. त्याचे वडील सूर्यभानजी सूतगिरणीतून निवृत्त झालेले. पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत होते. इतके, की आचलच्या आईच्या, कौशल्याबाईंच्या, हातचा ठेचा विपुलनं डोळ्यांतून धारा लागल्या तरी पुन्हा पुन्हा मागून खाल्ला, कारण वाढायला आचल येत होती.

सगळं ठरलं आणि घोडं एका प्रश्नावर अडलं. लग्न कुठं? खुशालराव म्हणत, नवरीच्या दारात, अकोल्याला. सूर्यभानजी म्हणत, आमच्याकडं नवरदेवाच्या गावात लावायची रीत आहे, तेव्हा अमरावती. दोघंही अतिशय नम्रपणे बोलत होते, आणि दोन म्हातारे एकमेकांशी नम्रपणे बोलू लागले की घरातल्या बायका भांडी आवरायला घेतात. वातावरण हलकं करावं म्हणून बिचाऱ्या विपुलनं आचलच्या अभ्यासासाठी घेतलेला कॉम्प्युटर सुरू केला आणि एक खेळ दाखवला.

खेळ राज्य वसवण्याचा. आधी सगळा नकाशा अंधारात. त्यात एक बिऱ्हाड दिलेलं असतं. ते जिथं मुक्काम टाकेल तिथं शहर वसतं, आणि भोवतीचे चौकोन त्या शहराचे होतात. कुठं गहू, कुठं लोखंड, कुठं नदी. एक खेळी तुमची, एक समोरच्याची. घाई नाही, पळापळ नाही.

“याच्यात सारी अक्कल एकच,” विपुल म्हणाला, “शहर कुठं बसवायचं.”

“गाव कुठं बसवायचं?” खुशालराव हसले. “जवाईबापू, हे मले सांगता?”

“इवाई, मोजणी येगळी अन् राज्य येगळं,” सूर्यभानजी सुपारी कातरत होणाऱ्या व्याह्याला म्हणाले.

“बरं. मंग होऊन जाऊ द्या. ज्याचं राज्य मोठं, त्याच्या गावात लग्न.”

“बाबा, मी तर गंमत म्हणून...” विपुलनं तोंड उघडलं, पण दोन सेवानिवृत्त माणसांना काम सापडलं होतं. आता त्यांना देवही अडवू शकत नव्हता.

खेळ इंटरनेटवरून खेळता आला असता. खुशालरावांनी साफ नकार दिला. सरकारी माणूस, ज्या टपालाची पोच सही करून मिळत नाही ते टपालच नव्हे, असं त्यांचं मत. तेव्हा असं ठरलं की खेळी पेनड्राइव्हवर घ्यायची आणि दस्ती, म्हणजे माणसाहाती, पाठवायची. अकोल्याहून आचल निघणार, अमरावतीहून विपुल, आणि मधल्या मुर्तिजापूरच्या एसटी स्टँडवर देवाणघेवाण. आधी दर रविवारी, मग बुधवारीही. कौशल्याबाईंनी पेनड्राइव्हसाठी कुंकवाची रिकामी डबी काढून दिली आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या. त्या खोकत होत्या असं खुशालरावांना वाटलं.

पहिली खेळी. बिऱ्हाड नदीकाठी उभं होतं. आजूबाजूला हिरवंगार, मागं टेकडी, पुढं गहू.

खाली कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेला उस्मान मुद्दाम वर आला होता. “खुशालभाऊ, अथीच बसवा. नदी हाय, टेकडी हाय, और क्या चाहिये? याच्यात पैली खेळी गेली का गेली.”

“येडा झाला काय रे? ही काळी जमीन हाय. काळीत पीक असते, गाव पांढरीवर असते. वऱ्हाडातलं एक गाव दाखव, पिकाऊ काळीत बसलेलं! उद्या पावसाळ्यात भिंती फाटतील. अन् बिनशेतीची परवानगी कोण आणीन, तू?”

शेजारच्या माणिकबाईंचं माहेर दर्यापूरचं. त्यांनी चष्मा पुसून पडद्यावरची नदी निरखली. “नदी दिसते मनून भुलू नका भाऊजी. आमच्या माहेरी नदी हाय, अन् विहिरीचं पाणी तोंडात घेतलं का मिठागर. पैले पाणी चाखून पाहा.”

“यात पाणी चाखता येत नाही, मावशी,” आचल म्हणाली.

“मंग बसवूच नका.”

झालं. खुशालरावांनी बिऱ्हाड उचललं आणि पांढरी शोधायला निघाले. खेळी मागून खेळी ते गरीब कुटुंब चालत राहिलं. नदी ओलांडली, जंगल ओलांडलं, धारणीच्या पलीकडं लागावा तसा डोंगर ओलांडला. तिकडून सूर्यभानजींचा निरोप येई की त्यांची दोन शहरं वसली, तिसऱ्याची तयारी आहे. खुशालराव नुसते हसत. काळीत बसलेल्या गावांचं पुढं काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. आणि एके दिवशी नकाशाच्या अगदी वरच्या टोकाला अंधार फिटला आणि पांढरीशुभ्र, डाग नसलेली, सपाट जमीन समोर आली. खुशालरावांना गहिवरून आलं. अशी पांढरी त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. त्यांनी नारळ फोडला (कॉम्प्युटरवर पाणी उडालं, उस्माननं ते पुसलं), वेशीवर मारुती कुठं बसेल ते बोटानं दाखवलं आणि ‘नवी जठारपेठ’ वसवली.

गावातल्या माणसांनी दुसऱ्याच खेळीपासून उपाशी असल्याची तक्रार केली. खुशालरावांना वाटलं, नवं गाव आहे, होतं असं. तिसऱ्या खेळीला उस्मान पडद्याजवळ वाकला. मग हळूच म्हणाला, “खुशालभाऊ, हे बरफ हाय.”

“काय हाय?”

“बरफ. ही पांढरी नोय. अथी गवताचं पातं नाही उगवत.”

खुशालराव खुर्चीत सुन्न बसले. आता विचार करा, ज्याचा जन्म अकोल्यात गेला, जिथं उन्हाळ्यात टाकीतलं पाणी थेट चहात टाकलं तरी चालतं, त्या माणसाला पांढरं म्हणजे बर्फ असू शकतं हे सुचावं तरी कसं? कौशल्याबाईंनी विचारलं, “काय झालं वो?” तेव्हा ते एवढंच म्हणाले, “वातावरण बदललं.”

पण मोजणीवाला असा खचत नाही. त्यांनी उपाशी गावातून कसंबसं दुसरं बिऱ्हाड काढलं आणि दक्षिणेकडं पाठवलं. या वेळी मनाशी ठरवलं की पांढरी-काळी काही पाहायची नाही, पोट पाहायचं. चालता चालता त्यांना तो चौकोन दिसला. चौकोनावर कापूस होता. बोंडं फुटलेली, पांढरी.

“कापूस?” उस्माननं कपाळाला हात लावला. “भाऊ, खऱ्या शेतात पिकवून पायला ना तुमी? आता खोट्यातबी तोच?”

पण खुशालराव ऐकायच्या पलीकडं गेले होते. शहर कापसाला लागून वसवलं, ‘नवं दर्यापूर’. आणि मग जे घडलं त्यानं त्यांना बर्फापेक्षा मोठा धक्का बसला. पहिल्या खेळीला कापूस पिकला. दुसऱ्या खेळीला पिकला. तिसऱ्यालाही तेवढाच. पाऊस लांबला नाही. दुबार पेरणी नाही. अळी नाही, लाल्या नाही, बोगस बियाणं नाही. भाव चढत नव्हता आणि उतरतही नव्हता. बातमी गल्लीत पसरली. बायाबापड्या चपला काढून आत येत, पडद्यावरचा तो चौकोन पाहत आणि निघून जात. माणिकबाईंनी तर लांबूनच हात जोडले. “दर खेपीले पिकते?” त्यांनी खात्री करून घेतली. “दर खेपीले,” खुशालराव म्हणाले. बटईदारानं शेत पाहायला बोलावलं की ज्यांना कधी सवड नसे, ते खुशालराव त्या एका चौकोनासमोर संध्याकाळपर्यंत बसू लागले. चहा तिथंच, जेवण तिथंच.

आणि एका बुधवारी आचल मुर्तिजापूरहून नेहमीसारखी उशिरा, नेहमीसारखी गुणगुणत आली. डबीतून पेनड्राइव्ह काढला. खुशालरावांनी नकाशा उघडला आणि किंचाळले. कौशल्याबाई हातातलं लाटणं घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं पाल पडली.

कापसाच्या चौकोनावर सूर्यभानजींचा रंग चढला होता.

झालं होतं असं, की सूर्यभानजींनी शेजारीच ‘नवं बडनेरा’ वसवलं होतं आणि त्यात एक नाटकघर बांधलं होतं. या खेळात गावात नाटकं, देवळं वाढली की गावाची हद्द आपोआप पुढं सरकते आणि शेजाऱ्याचे चौकोन गिळते. दोन शहरं फार जवळ वसवली की हे व्हायचंच. विपुलनं पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं, पण तेव्हा खुशालराव त्याला गाव बसवणं शिकवत होते.

त्यांनी ताबडतोब अमरावतीला फोन लावला.

“इवाई, तुमी धुरा कोरला!”

“म्या नाई कोरला. म्या नाटकघर बांधलं. धुरा सोताच सरकला.”

“माही सारी नोकरी याच्यातच गेली इवाई! हरेक धुरा कोरणाऱ्यानं हेच सांगतलं. धुरा सोताच सरकला!”

“मंग मोजणी आणा,” सूर्यभानजी म्हणाले आणि फोन ठेवला.

मोजणी आणा! हे खुशालरावांना! ते तसेच पायात चप्पल अडकवून जुन्या कचेरीत गेले. तिथं उत्तमराव हा त्यांच्या हाताखाली तयार झालेला माणूस आता साहेब होता. त्यानं गुरूला खुर्ची दिली, चहा मागवला, सगळी हकिकत गंभीरपणे ऐकून घेतली. वऱ्हाडात धुऱ्याच्या गोष्टीला कोणी हसत नाही.

“साधी मोजणी पायजे, तातडीची का अतितातडीची?”

“अतितातडीची.”

“गट नंबर?”

“नाही.”

“बरं. लगतच्या कब्जेदारायले नोटीस काढा लागीन. कोण कोण लगत हाय?”

खुशालरावांनी आठवलं. “पूर्वेले इवाई. दक्षिणेले समुद्र. पश्चिमेले एक राजा हाय, तो कॉम्प्युटरचा हाय.”

उत्तमरावांनी पेन खाली ठेवलं. “सर, समुद्राचं पाहू. पण त्या राजाची सही आणा लागीन. त्याच्याबिगर मी फायलीले हात नाही लावू शकत. तुमीच शिकवलं.”

स्वतःच घालून दिलेल्या नियमात अडकण्यासारखी नामुष्की नाही. घरी येऊन खुशालरावांनी फूटपट्टीनं पडदा मोजला, पेन्सिलीनं काचेवर धुऱ्याची खूण केली, आणि रात्रीच्या जेवणाला ताटावर बसण्याआधी निर्णय सांगितला. धुरा वापस होत नाही तोवर साक्षगंध नाही.

आचलच्या हातातली वाटी तशीच राहिली. “बाबा, तो कापूस विकता येते काय?”

“नाही.”

“त्याचं लुगडं होते?”

“नाही.”

“मंग?”

“धुरा धुरा असते.”

ती उठून आत गेली. त्या दिवसापासून तिनं वादही घातला नाही आणि गुणगुणलीही नाही. कौशल्याबाईंनी भाजीत मीठ घालणं सोडून दिलं. त्यातच माणिकबाई अमरावतीची खबर घेऊन आल्या की विपुलला यवतमाळचं एक स्थळ सांगून आलं आहे, पोरगी मास्तरीण आहे, आणि सूर्यभानजींनी ‘पाहू’ म्हटलं आहे. आता ‘पाहू’ या शब्दाचा अर्थ मुलीच्या बापाला कोणी समजावून सांगावा लागत नाही. खुशालरावांच्या छातीत कळ आली. पण ती त्यांनी कोणाला दाखवली नाही, कारण तोपर्यंत त्यांचे हत्ती निघाले होते.

होय, हत्ती. गेल्या कित्येक खेळ्या ते गुपचूप हत्ती पाळत होते. नव्या बडनेऱ्याच्या वेशीवर हत्तींची रांग उभी होती.

शेवटी उस्मान मध्ये पडला. त्यानं अमरावतीला जाऊन सूर्यभानजींचे पाय धरले म्हणे (हे खुशालरावांचं म्हणणं, उस्मान म्हणतो, नुसता फोन केला), आणि एका रविवारी दुपारी बाप-लेक अकोल्याला आले. शेवटची खेळी समोरासमोर खेळायची, काय तो फैसला तिथंच. सूर्यभानजी एका खुर्चीवर, खुशालराव दुसऱ्या. मागं विपुल, चेहरा उतरलेला. दारात आचल, हातात चहाचा ट्रे. कौशल्याबाई तिच्या मागं, भिंतीला टेकून. उस्मान पंख्याखाली.

खुशालरावांनी पहिला हत्ती पुढं सरकवला. पडद्यावर प्रश्न आला: युद्ध जाहीर करायचं? होय की नाही?

इथं बारशाच्या मंडळींत सुई पडली तरी ऐकू आली असती. खुशालरावांनी आवाज खाली आणला.

“माहं बोट बटनावर होतं. मंग म्या मान वर केली अन् पोरीकडं पायलं. तिच्या हातातले कप वाजून राहिले होते. खन् खन् खन्. म्या सोताले म्हटलं, खुशाल, तू जिनगीभर लोकायचे धुरे ठरवले. या पोरीचा धुरा तू कोठी ठरवतं? म्या बोट उचललं. उभा झालो. इवायाले म्हटलं, इवाई, कापूस तुमचा, दर्यापूर तुमचं, हत्तीबी घ्या. हे माह्या आचलचं आंदण. तर सूर्यभानजी काय म्हणाले? म्हणाले, आमी हुंडा घेत नसतो, तुमचं गाव तुमच्यापाशी ठेवा! म्या म्हटलं घ्या, ते म्हणे नाई घेत. दोघायच्याबी डोळ्याले पाणी. अन् बाप्पा, आता ऐका. त्या यंत्राले! त्या यंत्रालेबी गहिवरून आलं. आमच्या डोळ्यादेखत पडदा काळा पडला. दोन्ही राज्यं गेली. पुन्हा सुरू कराव तर पेनड्राइव्ह त्याच गडबडीत आचलपासून हरपला. मंग आमी भायेर वऱ्यांड्यात बसलो, चहा घेतला, अन् मीच म्हटलं, शहर वसवाची खरी जागा एकच हाय. जथी दोघायलेबी सारखंच चालत याव लागते. लग्न मुर्तिजापूरले!”

मंडळी थक्क झाली. लांबच्या पाहुण्यानं डोळे पुसले. सूर्यभानजी कोपऱ्यात बसले होते. त्यांनी घसा खाकरला, कारण अमरावतीत हीच गोष्ट सांगताना कापूस परत करणारे ते स्वतः असत. पण व्याह्याच्या घरचं बारसं. ते सुपारी कातरत राहिले.

“खुशालभाऊ,” उस्मान म्हणाला, “एक इचारू? यंत्राले गहिवरून आलं, मान लिया. पण पंखाबी बंद पडला होता. मी त्याच्याच खाली होतो. पंख्याले कायचा गहिवर?”

एकदम हशा पिकला. खुशालरावांनी हात हलवला. “अरे, मंग लाईट गेली असन. लोडशेडिंग होती. त्याच्यानं माहा त्याग कमी होते काय?”

“खोटं नका बोलू भाऊजी,” पाळण्याजवळून माणिकबाईंचा आवाज आला. “आयतवारी दुपारी आपल्या गल्लीची लाईट कधी जाते? त्या दिवशी आमच्या घरी टीव्ही चालू होता. मी पुरा पिच्चर पायला.”

सगळ्यांच्या हातातले पुठ्ठे थांबले. खुशालरावांनी माणिकबाईंकडं पाहिलं, मग उस्मानकडं, मग छताला लटकलेल्या पंख्याकडं. मग अगदी सावकाश, बर्फ पहिल्यांदा पाहिला होता त्याच नजरेनं, त्यांनी दाराशेजारच्या भिंतीवरच्या मेन स्विचकडं पाहिलं, आणि त्याच्या बरोबर खाली, भिंतीला टेकून, त्या दिवशीच्याच जागी उभ्या असलेल्या बायकोकडं.

कौशल्याबाईंनी नातवाचं अंगडं नीट घडी करून खांद्यावर टाकलं.

“आंदण गिंदण काही नाई दिलं यायनं,” त्या पाहुण्याला म्हणाल्या. “बोट ‘होय’वर टेकलं होतं. म्याच पाडला मेन स्विच.”